क्लाउडमध्ये माणसाची नोंद: एडब्ल्यूएस आयएएममधल्या युजर खात्यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लहान-मध्यम कंपन्यांची क्लाउडवरची मांडणी लावून देणं आणि बिघडली तर सावरणं हे माझं रोजचं काम आहे. सर्व्हर, डेटाबेस, नेटवर्क यांवर लोक तासन्‌तास बोलतात. आत कोण येतंय हा विषय मात्र पाच मिनिटांत उरकतात. कुणीतरी एक युजर काढतो, पासवर्ड व्हॉट्सॲपवर टाकतो आणि काम सुरू होतं. पुढे ज्या तक्रारी सर्वांत जास्त छळतात, त्या या पाच मिनिटांतच पेरलेल्या असतात.

युजर खातं ही माणसाची नोंद असते, मतदार यादीत असते तशी. माणूस गाव सोडतो, कुणाचं आडनाव बदलतं, एकाच नावाची दोन माणसं निघतात. यादी कुणी दुरुस्त केली नाही तर नाव तिथेच बसून राहतं. खालचे सगळे प्रश्न या एका गोष्टीभोवती फिरतात. उदाहरणं एडब्ल्यूएसच्या (ॲमेझॉनचा क्लाउड) आयएएमची (आत कोण येईल आणि काय करू शकेल ते ठरवणारी सेवा) घेतली आहेत, कारण तेच माझ्या हाताखालचं आहे. गुगल आणि मायक्रोसॉफ्टबद्दल पुढे एक प्रश्न आहे.

अकाउंट आणि युजर एकच का?

नाही. मराठीत दोन्हींना आपण खातं म्हणतो आणि तिथेच घोळ होतो. एडब्ल्यूएसमध्ये अकाउंट म्हणजे १२ आकडी क्रमांकाची एक अख्खी हद्द. बिल तिच्या नावावर येतं, सर्व्हर आणि बकेट (फाइली साठवायची जागा) तिच्या आत असतात. युजर ही त्या हद्दीतली एक नोंद. सातबाऱ्यावरचा गट आणि त्या शेतात कामाला येणारी माणसं यांत जेवढा फरक, तेवढाच इथे. या पानावर ‘अकाउंट’ म्हणजे हद्द आणि ‘युजर’ म्हणजे नोंद असं धरून वाचा.

मग रूट युजर कोण? तो मला यादीत दिसत नाही.

अकाउंट उघडताना जो ईमेल दिला, तो रूट. आयएएमच्या युजरांच्या यादीत तो नसतो आणि आयएएमची पॉलिसी, म्हणजे कुणाला काय करता येईल ते लिहिलेला कागद, त्याला चिकटवताही येत नाही. अनेक अकाउंट ऑर्गनायझेशन्स या एडब्ल्यूएसच्या सेवेत एकत्र बांधलेली असतील, तर वरून लावलेली सर्व्हिस कंट्रोल पॉलिसी सदस्य अकाउंटच्या रूटला आवर घालू शकते. एकट्या अकाउंटमध्ये तशी सोय नाही.

रूटची खरी गरज क्वचित लागते. स्वतंत्र अकाउंट बंद करायचं असेल, रूटचा ईमेल बदलायचा असेल, किंवा एखाद्या बकेटच्या पॉलिसीत चुकून सगळ्यांनाच मनाई लिहून बसलात आणि आता कुणालाच आत जाता येत नसेल, अशी मोजकी कामं. रोजच्या कामाला रूटने शिरू नका. रूटच्या नावाने ॲक्सेस की (प्रोग्रॅमना आत येण्यासाठीची किल्ली) तयार करू नका, असतील तर आजच डिलीट करा. एमएफए, म्हणजे पासवर्डखेरीज आणखी एक पडताळणी, लावा.

आणि ईमेल कुणाचा आहे ते बघा. एका ठिकाणी रूटचा ईमेल कंपनी सोडून गेलेल्या भागीदाराचा खासगी पत्ता निघाला, फोन नंबरही त्याचाच. दोघांचे संबंध चांगले होते म्हणून तो येऊन बसला आणि बदलून दिला. संबंध बिघडलेले असते तर सगळा धंदा एका माणसाच्या मर्जीवर टांगलेला राहिला असता. रूटचा ईमेल कंपनीच्या डोमेनवरचा, दोघातिघांना पोचणारा सामायिक पत्ता असावा.

आयएएम युजर म्हणजे सिस्टिमच्या पोटात नेमकं काय साठवलेलं असतं?

लोकांना वाटतं, युजर म्हणजे नाव आणि पासवर्ड. तसं नाही. मूळ नोंद अगदी किरकोळ असते: नाव, पाथ (फोल्डरसारखा गट), एआरएन (ॲमेझॉन रिसोर्स नेम), एक न बदलणारा आयडी आणि नोंद कधी झाली ती तारीख. बस. नुसता युजर काढला की त्याला पासवर्ड नसतो, ॲक्सेस की नसते आणि कसलीही परवानगी नसते. तो आत असतो, पण काहीच करू शकत नाही.

बाकी सगळं नंतर बाहेरून जोडलं जातं. कन्सोलचा (ब्राउझरमध्ये उघडणारा एडब्ल्यूएसचा पडदा) पासवर्ड म्हणजे लॉगिन प्रोफाइल नावाची वेगळी वस्तू. ती काढून टाकली तरी युजर जिवंत राहतो, फक्त कन्सोलमध्ये शिरता येत नाही. ॲक्सेस की जास्तीत जास्त २. एमएफएची साधनं जास्तीत जास्त ८. ग्रुप, म्हणजे एकत्र परवानग्या देण्यासाठी केलेले युजरांचे गट, जास्तीत जास्त १०. त्याखेरीज थेट लावलेल्या पॉलिसी आणि टॅग (ओळखीच्या चिठ्ठ्या).

हे सुटं सुटं का ठेवलंय ते पटलं की पुढचं सोपं जातं. ओळख एक, ती सिद्ध करायची साधनं अनेक, आणि त्या ओळखीला काय करू द्यायचं हा तिसराच कागद. पासवर्ड बदलला म्हणून की बंद होत नाही. की बंद केली म्हणून कन्सोल बंद होत नाही. ‘मी तर त्याचा पासवर्ड बदलला होता’ हे वाक्य मी खूप वेळा ऐकलंय, आणि ते सांगणाऱ्याचा दोषही वाटत नाही, कारण समोरचा पडदा हे कधी नीट समजावत नाही.

नाव, एआरएन आणि आयडी अशा तीन ओळखी कशाला?

या एका प्रश्नाला वेळ द्या.

नाव माणसासाठी. एआरएन म्हणजे पूर्ण पत्ता: कोणत्या सेवेतला, कोणत्या अकाउंटमधला, कोणत्या पाथखालचा, कोणत्या नावाचा युजर. आयडी मात्र सिस्टिमची स्वतःची खूण असते. ती एआयडीए या चार अक्षरांनी सुरू होते आणि पुन्हा कधीच दुसऱ्या कुणाला दिली जात नाही. रोलच्या (तात्पुरती धारण करायची ओळख, ती पुढे येईल) आयडीची सुरुवात एआरओए, ग्रुपच्या आयडीची एजीपीए.

आता प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो. एका कंपनीत हिशेब बघणाऱ्या मुलीचा युजर साफसफाईत चुकून डिलीट झाला. लक्षात येताच दहा मिनिटांत त्याच नावाने नवा काढला, त्याच ग्रुपमध्ये टाकला. सगळं चालू झालं, फक्त हिशेबाची एक बकेट काही केल्या उघडेना. त्या बकेटची परवानगी ग्रुपमधून नव्हती, बकेटच्याच पॉलिसीत तिच्या नावाने लिहिलेली होती. दोन दिवस सगळ्यांनी ग्रुपच्या परवानग्या उलटसुलट करून पाहिल्या. शेवटी बकेटची पॉलिसी उघडली, तर जिथे तिचा एआरएन लिहिला होता तिथे एआयडीएने सुरू होणारी अक्षरांची एक लांब माळ दिसत होती.

झालं होतं असं. पॉलिसीच्या प्रिन्सिपल, म्हणजे परवानगी कुणाला, या जागी तुम्ही एआरएन लिहून जतन करता, तेव्हा सिस्टिम आतल्या आत तो आयडीशी बांधते. दाखवताना परत एआरएन दाखवते. युजर गेला की बांधलेला आयडी अनाथ होतो आणि उघडा पडतो. नव्या युजरचं नाव तेच, एआरएनही अक्षर न्‌ अक्षर तोच, पण आयडी वेगळा. सिस्टिमच्या दृष्टीने ती दुसरी व्यक्ती. त्या ओळीत पुन्हा तोच एआरएन लिहून जतन केलं, की गाठ नव्या आयडीशी बसते आणि काम होतं.

चिडचिड होते खरी, पण ही रचना योग्यच आहे. उद्या एक सचिन जाधव नोकरी सोडून गेला आणि दुसरा सचिन जाधव त्याच नावाच्या युजरवर रुजू झाला, तर पहिल्याचे जुने हक्क दुसऱ्याला आपोआप मिळता कामा नयेत.

एक पळवाट लक्षात ठेवा. पॉलिसीच्या कंडिशनमध्ये, म्हणजे अटीच्या भागात, एआरएन लिहिला असेल, तर ती नुसती अक्षरजुळणी असते. तिथे आयडीची गाठ नसते. नवा सचिन जुन्याच्या हक्कात अलगद जाऊन बसतो. म्हणून कंडिशनमध्ये व्यक्तींचे एआरएन लिहिणं मी टाळतो.

लग्नानंतर आडनाव बदललं. युजरचं नाव बदलावं की नवा काढावा?

बदला, नवा काढू नका. नाव बदललं तरी आयडी तोच राहतो. ग्रुप तेच राहतात, लावलेल्या पॉलिसी तशाच राहतात. जिथे हा युजर प्रिन्सिपल म्हणून लिहिलाय, त्या पॉलिसी नव्या नावाने आपोआप दिसू लागतात. जिथे त्याचा एआरएन रिसोर्स म्हणून, म्हणजे ज्या वस्तूवर कृती करायची ती म्हणून, लिहिलाय, उदाहरणार्थ ‘प्रत्येकाला स्वतःच्या की बदलता याव्यात’ अशा पॉलिसीत, तिथे हाताने दुरुस्ती करावी लागते. कन्सोलमध्ये नाव बदलायचं बटण नाही, हे काम कमांड लाइनवरून (आज्ञा टाइप करून) करावं लागतं. म्हणूनच पुष्कळ लोकांना वाटतं की नाव बदलताच येत नाही, आणि ते जुना युजर उडवून नवा काढतात.

खरं तर आडनाव बदलणार आहे की नाही हा त्या बाईचा प्रश्न, सिस्टिमने त्यात पडूच नये. त्यासाठी पुढचं उत्तर वाचा.

नावं ठेवायची पद्धत काय असावी? देवनागरीत नाव चालतं का?

युजरच्या नावात देवनागरी चालत नाही. रोमन अक्षरं, आकडे आणि अधिक, बरोबर, स्वल्पविराम, टिंब, ॲट, अंडरस्कोर, हायफन एवढीच चिन्हं चालतात. लांबी ६४ अक्षरांपर्यंत. लहान-मोठ्या लिपीने दोन वेगळी नावं होत नाहीत, म्हणजे सगळी मोठी अक्षरं वापरून तेच नाव दुसऱ्यांदा काढता येत नाही.

माझं मत स्पष्ट आहे: नाव कर्मचारी क्रमांकावरून ठेवा. आपल्याकडे एका मजल्यावर दोन जाधव आणि तीन कुलकर्णी बसलेले असतात. मराठी नावांचं रोमन स्पेलिंग तर प्रत्येक जण आपापल्या परीने करतो. ‘दीक्षित’ तीन तऱ्हांनी लिहिलेलं मी एकाच अकाउंटमध्ये पाहिलंय, आणि त्यांपैकी दोन नोंदी एकाच माणसाच्या होत्या. क्रमांक रुक्ष वाटतो, पण तो लग्नाने, प्रमोशनने किंवा स्पेलिंगने बदलत नाही.

आम्ही चौघं मिळून एकच ॲडमिन युजर वापरतो. छोटी टीम आहे, त्यात काय बिघडलं?

जोवर काही बिघडत नाही, तोवर काहीच बिघडलेलं नसतं.

क्लाउडट्रेल ही एडब्ल्यूएसची सेवा अकाउंटमधल्या कृतींची नोंद ठेवते: कोणत्या प्रकारची ओळख, कोणता आयडी, कोणती की, कुठल्या आयपी पत्त्यावरून, किती वाजता. एका ठिकाणी चाचणीचा म्हणून ओळखला जाणारा डेटाबेस उडवला गेला, आणि नंतर कळलं की त्यात दोन ग्राहकांचा खरा डेटा होता. मी नोंद उघडली. वेळ २०:४७. ही वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते, त्यात साडेपाच तास मिळवा: आपल्याकडे रात्रीचे २ वाजून १७ मिनिटं. आयपी पत्ता एका मोबाइल कंपनीचा. युजर: ॲडमिन. पासवर्ड चौघांकडे, हॉटस्पॉट चौघांच्या फोनवर.

चौघांनीही नाही म्हटलं. कदाचित एकाने झोपेत चुकीचं बटण दाबलं असेल, कदाचित पासवर्ड पाचव्या कुणाच्या हाती गेला असेल. ते आजही ठरलेलं नाही. डेटा बॅकअपमधून परत आला. त्या चौघांतलं बोलणं मात्र आधीसारखं राहिलं नाही. तीन निर्दोष माणसांना आपण निर्दोष आहोत हे दाखवायची सोयच त्या एका सामायिक युजरने ठेवली नव्हती. वेगळा युजर देणं म्हणजे अविश्वास, असं जे म्हणतात त्यांना मी ही गोष्ट सांगतो.

नोंदी किती दिवस मिळतात?

क्लाउडट्रेलची इव्हेंट हिस्टरी फक्त ९० दिवसांची असते. भारतात काम करणाऱ्यांना हे पुरत नाही. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपून ठेवावे लागतात आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते. म्हणून वेगळा ट्रेल (कायमची नोंदवही) सुरू करून नोंदी बकेटमध्ये साठवा, आणि त्या बकेटवर रोजच्या ॲडमिनचाही हात पोचू देऊ नका.

आणखी एक. आयएएम ही जागतिक सेवा आहे आणि तिच्या घटना उत्तर व्हर्जिनिया रीजनमध्ये (रीजन म्हणजे एडब्ल्यूएसच्या सर्व्हर केंद्रांचा प्रदेश) नोंदल्या जातात. मुंबई रीजन उघडून इव्हेंट हिस्टरीत ‘हा युजर कुणी तयार केला’ ते शोधाल तर काहीच सापडणार नाही आणि कुणी नोंद पुसली की काय असा संशय येईल. रीजन बदला, सापडेल.

प्रत्येकाला २ ॲक्सेस की का देतात?

बदलता याव्यात म्हणून. दुसरी की काढायची, प्रोग्रॅममध्ये घालायची, पहिली काही दिवस निष्क्रिय करून ठेवायची, कुठे काही अडलं नाही की मग डिलीट करायची. दोन वेगवेगळ्या कामांना दोन की वाटून टाकल्या, तर बदलायला जागाच उरत नाही.

कीचे दोन भाग असतात. २० अक्षरांचा आयडी, जो नोंदींमध्ये उघड दिसतो आणि एकेआयएने सुरू होतो. आणि ४० अक्षरांचं गुपित, जे काढतानाच एकदा दिसतं. ते हरवलं तर परत मिळत नाही, नवी की काढावी लागते. हे गुपित कोडमध्ये लिहून गिटहबवर (कोड साठवायची वेबसाइट) गेलं की संपलं. तिथल्या सार्वजनिक रिपॉझिटरीत (कोडचा साठा) की दिसली तर एडब्ल्यूएस स्वतःहून त्या युजरला क्वारंटाइन पॉलिसी लावतं, काही धोक्याच्या कृती रोखतं आणि ईमेल पाठवतं. पण त्याने की मरत नाही. ती तुम्हालाच मारावी लागते. खासगी रिपॉझिटरीत ठेवली म्हणून निश्चिंत राहू नका. २०१६ मध्ये उबरचा ५ कोटी ७० लाख लोकांचा डेटा गेला, तेव्हा हल्लेखोरांना की खासगी रिपॉझिटरीतच मिळाली होती.

रात्री चालणाऱ्या स्क्रिप्टसाठी युजर काढू का?

काढू नका. स्क्रिप्ट म्हणजे माणूस नव्हे, तिला माणसाची नोंद कशाला? तिच्यासाठी रोल असतो. रोलला पासवर्ड नसतो, कायमची की नसते. तो धारण करणाऱ्याला तात्पुरती ओळख मिळते: एएसआयएने सुरू होणारी की, गुपित आणि सोबत सेशन टोकन (तेवढ्या वेळेपुरता परवाना). ही ओळख साधारणपणे १ तासाची असते, रोलवर तशी सोय ठेवली तर १२ तासांपर्यंत. चोरीला गेली तरी तिचं आयुष्य ठरलेलं असतं.

मी जे पाहिलं ते यापेक्षा साधं आणि जास्त महागात पडणारं होतं. एका कार्यालयात रात्रीच्या बॅकअपची स्क्रिप्ट एका इंजिनिअरच्या स्वतःच्या कीवर चालायची. त्याने राजीनामा दिला, नोटीस पिरियड संपला, शेवटच्या दिवशी नियमाप्रमाणे त्याच्या की बंद केल्या. सगळ्यांनी आपापलं काम चोख केलं होतं. बॅकअप त्या रात्रीपासून थांबला. स्क्रिप्ट अडली की सूचनेचा ईमेल जायचा तोही त्याच इंजिनिअरच्या बंद झालेल्या मेलबॉक्सला. दोन महिन्यांनी एक फाइल परत हवी झाली तेव्हा कळलं. माणूस आणि यंत्र एकाच नोंदीत राहत असले, की माणसाला निरोप देताना यंत्रही निघून जातं.

सर्व्हर एडब्ल्यूएसच्या बाहेर, तुमच्या ऑफिसातल्या कपाटात असेल तर? आयएएम रोल्स एनीव्हेअर ही सेवा प्रमाणपत्राच्या आधारे तात्पुरती ओळख देते. तेही जमत नसेल आणि युजर काढावाच लागला, तर त्याचं नाव यंत्राचंच ठेवा आणि त्याला कन्सोलचा पासवर्ड देऊ नका.

एक इशारा. तात्पुरती ओळख म्हणजे निर्धास्त, असं नाही. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या कॅपिटल वन बँकेचा डेटा गेला तो सर्व्हरला दिलेल्या रोलची ओळख हाती लागल्यामुळे, आणि त्या रोलला गरजेपेक्षा जास्त बकेट उघडता येत होत्या. सुमारे १० कोटी ६० लाख लोकांची माहिती होती ती.

पॉलिसीत प्रिन्सिपल म्हणून ग्रुप लिहिता येतो का?

नाही. ग्रुप ही ओळखच नव्हे, ती फक्त परवानग्या वाटायची सोय आहे. ग्रुपमध्ये ग्रुपही घालता येत नाही. मोठ्या कंपन्यांच्या डिरेक्टरीची (कर्मचाऱ्यांची मध्यवर्ती यादी) सवय असलेले लोक इथे हमखास अडखळतात.

परवानग्या एकमेकींच्या विरुद्ध असल्या तर कोणती चालते?

काहीच लिहिलं नसेल तर नकार. कुठे एका ठिकाणी होकार असेल तर होकार. कुठेही स्पष्ट नकार लिहिला असेल, तर बाकी दहा होकार असले तरी नकार.

आमचे कर्मचारी हजारोंनी आहेत. एका अकाउंटमध्ये किती युजर मावतात?

५०००, आणि ही मर्यादा वाढवून मिळत नाही. पण तुमचा प्रश्न ५० माणसांवरच बदलायला हवा होता. कंपनीची माणसं कुठे तरी आधीच नोंदलेली असतात: ऑफिसच्या ईमेलमध्ये, मायक्रोसॉफ्टच्या किंवा गुगलच्या डिरेक्टरीत. त्याच माणसांची क्लाउडमध्ये दुसरी यादी केली, की दोन याद्या दोन दिशांना जाऊ लागतात. एचआर एका यादीतून नाव काढतं, दुसरीत ते राहून जातं.

त्यावर उपाय म्हणजे एडब्ल्यूएसचं आयडेंटिटी सेंटर. २०२२ पर्यंत याचं नाव एडब्ल्यूएस सिंगल साइन-ऑन होतं. माणूस आपल्या नेहमीच्या ऑफिसच्या लॉगिनने आत येतो, त्याला ठरवलेल्या अकाउंटमध्ये ठरवलेला रोल मिळतो, तोही काही तासांसाठी. आयएएमच्या यादीत त्याची नोंदच नसते. मग क्लाउडट्रेलमध्ये तो कसा ओळखायचा? रोलच्या एआरएनच्या शेवटी सेशनचं नाव असतं, आणि आयडेंटिटी सेंटर तिथे युजरचं नाव लिहितं. रोल पन्नास जणांचा एकच असला तरी कोण होतं ते कळतं.

नव्याने सुरुवात करणाऱ्या कंपनीला मी आता आयएएम युजर काढायला सांगतच नाही. पाच माणसं असली तरी आयडेंटिटी सेंटर लावतो. त्यासाठी वेगळे पैसे लागत नाहीत.

गुगल क्लाउड आणि अझ्युरमध्येही असंच असतं का?

मूळ प्रश्न तोच, उत्तरं वेगळी.

गुगल क्लाउडच्या आयएएममध्ये माणसांची नोंद मुळीच नसते. माणूस गुगल खात्यात, वर्कस्पेसमध्ये किंवा क्लाउड आयडेंटिटीत राहतो. प्रकल्पाच्या पॉलिसीत फक्त ‘युजर’ हा शब्द, विसर्गासारखी दोन टिंबं आणि ईमेल एवढंच लिहिलेलं असतं. आयएएममध्ये नवा युजर काढायचं बटण शोधत बसलेली माणसं मी पाहिली आहेत, ते तिथे नाहीच. खातं डिलीट झालं की त्या ओळीच्या आधी ‘डिलीटेड’ लागतं आणि शेवटी आकडी आयडी येतो. त्याच ईमेलने नवं खातं काढलं तरी जुने हक्क मिळत नाहीत. वर्कस्पेसमधला डिलीट केलेला युजर २० दिवसांत परत आणता येतो. यंत्रांसाठी तिथे सर्व्हिस अकाउंट असतं, त्यालाही ईमेलसारखा पत्ता असतो, म्हणून यादी वाचताना ते माणसासारखं भासतं. काळजीपूर्वक वाचा.

मायक्रोसॉफ्टकडे, म्हणजे अझ्युरमध्ये, माणूस एन्ट्रा आयडी या डिरेक्टरीत असतो. २०२३ पर्यंत याला अझ्युर एडी म्हणत, आणि ऑफिसांत अजूनही तेच म्हणतात. रोल दिला की तो ऑब्जेक्ट आयडीशी बांधला जातो, नावाशी नव्हे. डिलीट केलेला युजर ३० दिवस परत मिळवता येतो. त्यानंतर रोलच्या यादीत ‘आयडेंटिटी सापडली नाही’ अशा अर्थाची ओळ तेवढी उरते.

एडब्ल्यूएसचा डिलीट केलेला आयएएम युजर मात्र परत येत नाही. म्हणून तिथे आधी निष्क्रिय करा, डिलीट सावकाश करा.

दर ९० दिवसांनी पासवर्ड बदलायची सक्ती ठेवू का?

माझा सल्ला: नको. अमेरिकेच्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या संस्थेनेही २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत कारणाशिवाय ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नये असंच म्हटलं. माणसं शेवटचा आकडा एकाने वाढवतात, दुसरं काही करत नाहीत. तेवढी शक्ती एमएफए लावण्यात घाला. ८ साधनं लावता येतात, तर निदान २ लावा. फोन रिक्षात विसरला म्हणून अख्खा दिवस वाया जाऊ नये.

माणूस नोकरी सोडून गेला. कोणत्या क्रमाने काय बंद करायचं?

आधी त्या युजरला ‘सगळ्याला नकार’ अशी पॉलिसी लावा. हे पहिलं का? कारण की निष्क्रिय केली तरी तिच्यावरून आधी मिळवलेलं तात्पुरतं टोकन ३६ तासांपर्यंत जगू शकतं, पण परवानगी मात्र प्रत्येक विनंतीला नव्याने तपासली जाते. नकाराची पॉलिसी त्या टोकनलाही लागू होते. बदल सगळीकडे पोचायला थोडा अवधी लागतो, तेवढं थांबा. मग की निष्क्रिय करा, लॉगिन प्रोफाइल काढून टाका. तो जे रोल धारण करत होता, त्यांची चालू सेशन्स रोलच्या पानावरून रद्द करा.

काही आठवडे वाट बघा. बॅकअपसारखं काही थांबलं का ते कळू द्या. मग डिलीट. कमांड लाइनवरून करणार असाल तर की, पॉलिसी, ग्रुप, एमएफए सगळं आधी सोडवावं लागतं, नाहीतर सिस्टिम नकार देते. कन्सोल हे स्वतःच करून टाकतं.

आणि ॲडमिन असलेला माणूस गेला, किंवा कुणी बाहेरचा आत शिरल्याची शंका आली, तर त्याच्या एका युजरवर थांबू नका. त्या काळात नवे युजर, नव्या की, नवे रोल कुणी काढले ते तपासा. जून २०१४ मध्ये कोड स्पेसेस नावाची कोड साठवून देणारी कंपनी अशीच बुडाली. हल्लेखोर त्यांच्या एडब्ल्यूएसच्या कन्सोलमध्ये शिरला आणि पैसे मागू लागला. त्यांनी पासवर्ड बदलले. पण त्याने आधीच स्वतःसाठी आणखी लॉगिन तयार करून ठेवले होते. आपल्याला बाहेर काढतायत हे दिसताच त्याने तिथून डेटा, मशीन आणि बॅकअप पुसायला सुरुवात केली. कंपनी पुन्हा उभी राहिली नाही. पासवर्ड बदलणाऱ्यांना माहीत असलेली माणसं आणि सिस्टिममध्ये नोंदलेली माणसं, या दोन याद्या त्या दिवशी एक नव्हत्या.

आमच्याकडे आत्ता काय परिस्थिती आहे, हे कुठून बघू?

आयएएममध्ये क्रेडेन्शियल रिपोर्ट नावाची सोय आहे. बटण दाबलं की एक फाइल उतरते, ती एक्सेलमध्ये उघडते. नवी फाइल दर ४ तासांनी एकदाच तयार होते, त्यामुळे आत्ता केलेला बदल लगेच दिसला नाही तर घाबरू नका. पहिली ओळ रूटची असते. तिच्यात एमएफएच्या रकान्यात होकार आणि दोन्ही कींच्या रकान्यांत नकार दिसायला हवा. मग पासवर्ड शेवटचा कधी वापरला त्या तारखेवर क्रम लावा, आणि कींच्या शेवटच्या वापरावर पुन्हा लावा.

मग ही फाइल छापा आणि एचआरमध्ये जाऊन जी व्यक्ती पगारपत्रक करते तिच्या शेजारी बसा. एकेक नाव वाचा. ‘हे इथे आहेत का?’ एवढंच विचारा. चाळीस ओळींच्या यादीला अर्धा तास लागतो. जिथे ती व्यक्ती मान वर करून ‘हे कोण?’ म्हणेल, तिथे पेनने गोल करा.